सगळ्यांचा एक जून

"यामिनी, तुझ्या निम्म्या पेशंटांचा वाढदिवस एकाच दिवशी? एक जून?" स्क्रीनवर तिचा सहकारी कॉनर हसत होता. "पार्टी ग्रँड होणार मग!"

यामिनीनं पाहिलं. दवाखान्यांच्या नव्या सॉफ्टवेअरसाठी तिनं नमुन्याचे पेशंट बनवले होते. ज्यांचं फक्त जन्मवर्ष ठाऊक, त्यांच्यापुढे तिच्या हातानं आपोआप एक जून लिहिला होता.

"आमच्याकडे एक जानेवारी घालतात," कॉनर म्हणाला. "तारीख पूर्ण हवी, नाहीतर आपली माहिती घेणाऱ्या समोरच्यांचं सॉफ्टवेअर अडतं. जानेवारी की जून? आज पक्कं करू. एकदा सगळे वापरायला लागले की बदलणं अवघड."

स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी तिचे वडील मटार सोलत होते. दत्तात्रय अमरावतीहून आयर्लंडमधल्या ॲथलोनला लेकीकडे आले होते. 'फर्स्ट जून' ऐकून त्यांनी मान वर केली.

"काऊन वं, माहा वर्गच भरवला का तिथं?"

यामिनीला हसू फुटलं. तिनं माइक बंद केला. "तुम्हा सगळ्यांचाच एक जून, नाही का?"

"मंग! शाळेत नाव घालताना मास्तरानं साऱ्या पोरायले एका दमात वाटून टाकला." त्यांनी शेंग उकलली. "तुमी त्या दिवशी फोन करता. गोड वाटते. पण दुसऱ्याच्या पानावर जेवल्यावानी बी वाटते."

लहानपणापासून ती त्याच दिवशी त्यांच्या पाया पडत आली होती.

"मग खरा कधी, बाबा?" हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"तारीख नाही वं. माय सांगे, वावरात हुरडा आला होता. थंडी अशी, का मले पोटाशी धरून चुलीपाशीच बसून राहिली. बस, इतकंच."

यामिनीनं माइक सुरू केला. "कॉनर, जानेवारी नको, जूनही नको. नुसतं वर्ष ठाऊक असेल तर नुसतं वर्षच घ्यायचं. अंदाजाला तारखेचे कपडे घातले, की पुढे कुणालाच तो ओळखू येत नाही."

"समोरचे कुरकुरतील."

"कुरकुरू देत. मी बोलते त्यांच्याशी."

कॉनरनं डोकं खाजवलं. "बरं. लिही तसं."

"काय ठरलं?" दत्तात्रयांनी विचारलं.

"तारीख ठाऊक नसेल, तर ती जागा मोकळी ठेवायची."

त्यांनी ओंजळीतले दाणे वाटीत सोडले.

"ठेव मोकळी," ते म्हणाले. "माह्या मायले तो दिवस ठाऊक होता."