उजवा हात

रोटोरुआच्या सहलीत दिवसभर दोघांनी खदखदणारा चिखल आणि जमिनीतून उसळणारे वाफेचे फवारे पाहिले, तेव्हा हेमांगीची पर्स विद्याधरच्याच खांद्यावर होती. छातीच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. वर्षभर तिची वेणीही तोच घालत होता.

संध्याकाळी तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमात बायका दोरीला बांधलेले पांढरे चेंडू फिरवत नाचल्या. मग त्यांनी पाहुण्या बायकांना स्टेजवर बोलावलं.

"जाऊ का?" हेमांगीने विचारलं.

"आणि हात?"

"दुखला तर थांबेन," म्हणत ती उठलीसुद्धा.

आधी चेंडू तिच्याच गुडघ्यावर आपटला. शेजारच्या माओरी बाईने हसून तिचं मनगट सैल करून दिलं. ठेका वाढला तशी दोरी लयीत फिरू लागली आणि बघता बघता हेमांगीचा उजवा हात डोक्याच्या वर गेला. तिच्या ते ध्यानातही आलं नाही, इतकी ती गाण्यात रंगली होती.

विद्याधर टाळ्या वाजवायचंही विसरला. शेजारच्या अनोळखी गोऱ्या आजोबांचा दंड धरून तो चक्क मराठीत म्हणाला, "ती निळ्या साडीतली दिसतेय ना? माझी बायको आहे."