नऊचं कुलूप

लातुरात क्लासच्या मुलींना खोल्या देणाऱ्या सुवार्तामावशीचा एकच नियम होता: रात्री नऊला गेटला कुलूप. नऊ वाजून एक मिनिटानं येणाऱ्या मुलीला गेटबाहेरच अर्धा तास प्रवचन ऐकावं लागे.

एकदा मावशी तापानं फणफणली. "आता मी काय उठत न्हाई," म्हणत तिनं चर्चच्या पाळकांना बोलावून घेतलं. मुली दाराशी गोळा झाल्या.

पाळक तिच्या उशाशी बसले. "घाबरू नका, मावशी. प्रभूनं सांगितलंय, माझ्या पित्याच्या घरात खोल्या पुष्कळ आहेत."

मावशीनं डोळे उघडले. "अन् गेट कवा बंद होतंय?"

"स्वर्गाच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. शास्त्रातच लिहिलंय."

"कधीच?" मावशी ताडकन उठून बसली. "मग दारावर परभूचा चेला पेत्र आल्यागेल्याची वही घिऊन उभा असतोय म्हनत्यात, त्यो?"

"ते लोकांनी रचलेलं, मावशी. तिथं कुणी अडवत नाही."

"अगं बाई! मग येवढी लेकरं देवानं कुनाच्या भरवशावर ठिवली?" मावशी लईच चिडली. "पाळकसाहेब, मला पुरताना माझ्या पेटीत आपल्या गेटचं कुलूप ठिवा. गेल्या गेल्या बघते मी तिथलं."

 

डॉक्टरांच्या मते मावशीला साधा व्हायरल होता. तरी त्याच संध्याकाळी अठराच्या अठरा मुलींनी मिळून गेटचं कुलूप तिच्या उशाशी आणून ठेवलं, दोन्ही किल्ल्यांसकट.