वाटाण्याचे डबे

“तुझ्या आईचं हल्ली काही खरं नाही गं, सारखं विसरते, एकदा येऊन बघून जा,” असं बाबा फोनवर म्हणाले, तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं. “बाबा, बाळ झाल्यापासून मीसुद्धा चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधते.”

बऱ्याच महिन्यांनी ती माहेरी आली, तर बर्फामुळे फ्रीजरचं दार लागतच नव्हतं. बाळाला बाबांकडे देऊन तिनं फ्रीज बंद केला, गरम पाण्याचं पातेलं आत ठेवलं आणि बर्फ सुटायची वाट बघत बसली. हळूहळू मागचे डबे दिसू लागले. आई दरवर्षी तिच्यासाठी वाटाणे सोलून ठेवायची, तेच हे. तिनं हरखून एकाचं झाकण काढलं. आत दाणा एकही नव्हता, नुसती टरफलं होती, स्वच्छ धुऊन दाबून भरलेली. दुसऱ्या डब्यातही तेच.

“अगं आई, हे काय भरून ठेवलंयस?” ती हसायला गेली.

आई लगबगीनं आली आणि तिच्या हातातून डबा काढून घेतला.



“राहू द्या हो बाई, एवढे डबे टाकू नका. माझी लेक यायची आहे.”



तुमची आई फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणत असली, तरी एकदा जाऊन बघून या.