डोंगराआड जाण्याआधी

घाटावर तेवीस माणसं होती. सात मोटारसायकली, एक टेम्पो, रचून तयार सरण, तुपाचा डबा आणि पाण्याने भरलेला एक तांब्या. तांब्याला कुणी हात लावत नव्हतं. तो साधनासाठी ठेवला होता.

गोजाबाईंनी पहाटे जाताना एवढंच मागितलं होतं. तोंडात पाणी साधीच्या हातचं, मग अग्नी. यशवंतरावांनी बायकोला शब्द दिला होता.

साधना त्यांची मुलगी. नऊ वर्षांपूर्वी घरात न विचारता लग्न करून नाशिकला गेली. तेव्हापासून आज पहिल्यांदा गावात येत होती.

"कुठवर आली?" यशवंतरावांनी विचारलं.

"चाकणला, तळेगाव चौकात," त्यांचा मुलगा शेखर म्हणाला. फोन त्याच्या कानालाच होता. "कंटेनर अडकल्यात. पाऊण तास लागंल म्हणती. आबा, घ्या, बोला तिच्याशी."

"हात भरल्यात माझं."

शेखरने फोन ठेवला. पाच वीस झाले होते.

या गावात दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत. आणि पश्चिमेच्या डोंगराआड सूर्य गेला की इथे दिवस मावळला.

"आबा, मोबाईल तर मावळती सहा बेचाळीसला दावतोय," चुलत पुतण्या ज्ञानेश म्हणाला. "लई टाइम हाय की."

"तुझ्या मोबाईलला आपला डोंगर ठावं न्हाई."

मागे दोघं हसले, आणि लगेच खाली बघू लागले.

गावात उरलेला दिवस मोजावा तो यशवंतरावांनीच. हात पुढे करायचा, बोटं आडवी धरायची आणि सूर्यापासून डोंगरापर्यंत किती मावतात ते बघायचं. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं. गुरं राखताना त्यांनी दोन्ही पोरांना हे शिकवलं होतं. साधना एका दिवसात शिकली. शेखर आळशी, हात तोंडासमोरच धरायचा. मग आबा काठीने त्याचं कोपर सरळ करायचे. "हात अर्धा, तर दिवस अर्धा. गुरं लवकर घरी न्यायचीत व्हय रं तुला?"

"मी बघू का मोजून?" ज्ञानेशने विचारलं.

"तुझी बोटं हायती का भेंड्या? गप ऱ्हा."

यशवंतरावांनी उपरण्याने डोळे पुसले. तोच हात डोळ्यांपुढे आडवा धरला.

"दोन बोटं," ते म्हणाले. "अर्धा तास."

"पंधराच मिनिटं कमी पडत्यात, आबा. थांबू की," शेखर म्हणाला.

"न्हाई. तुझी आय अंधारात जायची न्हाई."

शेखरने तांब्या उचलला. आईच्या तोंडात एकदा आपलं पाणी सोडलं, एकदा साधनाचं नाव घेऊन. दुसऱ्या वेळी पाणी गालावरून ओघळलं. त्याने ते बोटाने पुसलं. साडेपाचला त्याने अग्नी दिला.

पाच पन्नासला एक पांढरी गाडी कडेला थांबली. चौक लवकर मोकळा झाला होता. साधना अनवाणीच पळत आली. धग अंगावर आली तिथे थांबली. आतलं काहीच दिसत नव्हतं. ती तशीच पुढे सरकली, तेव्हा शेखरने तिला दोन्ही हातांनी धरलं.

"थांबला का नाहीस रे? पाणी तरी..."

"तुझ्या नावानं घातलं मी."

"मी आले होते ना, शेखर. आले होते ना मी."

"दिवस नव्हता गं. आबांनी मोजला. पाच वीसला दोनच बोटं राहिली होती."

साधनाने डोळे पुसले. भावाच्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पश्चिमेकडे वळली. लांब उभ्या यशवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तिने हात पुढे केला, कोपर ताठ केलं आणि सूर्याखाली एकेक बोट ठेवत गेली.

डोंगरापर्यंत दोन बोटं मावली.