सव्वा महिना

"मनगट वाकडं जुळलंय. पुन्हा मोडूनच बसवावं लागेल," चिंचवडचे डॉक्टर म्हणाले. याच महिन्यात त्यांनी अंबुबाईंचा कधीचा फाटलेला कान शिवला होता, हिरडीत तुटून राहिलेल्या दोन दाढा उपटल्या होत्या. दरवेळी बाई म्हणायच्या, विहिरीवर पडले.

"सव्वा महिना हात बांधून राहील. तुमच्या घरात नणंद बाळंतीण, बारसं तोंडावर. पाहुणे गेले की या."

अंबुबाईंनी हात टेबलावर ठेवला.

"पाहुणे गेल्यावर कसं जमंल? चार माणसांदेखत मालक मारत न्हाईत. म्हणून तर नणंदेचं बाळंतपण मीच मागून घेतलं. सव्वा महिना ती काय हलत न्हाई. तुमी मोडा."