देवघरातला बिशप

हेमचंद्र हमरियाच्या धक्क्यावरून समुद्रात पडला आणि सापडेना, तेव्हा शेजारच्या फिलोमिनाने शारजातल्या त्यांच्या फ्लॅटवर त्याच्या बायकोला बिशप आर्नुल्फची तसबीर आणून दिली.

"जुन्या फ्रँक लोकांचा संत हा. ह्यानं नदीत टाकलेली अंगठी माशाच्या पोटातून परत आली. मृणालिनी, पाण्यात गेलेलं हा परत देतो."

मृणालिनीने त्याला देवघरात ठेवलं, देवांबरोबर रोज गंध लावलं. हेमचंद्र परत आला. तेव्हापासून तिला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

आज सुरमई साफ करताना पोटातून अंगठी निघाली. आतल्या बाजूला तिचंच नाव होतं. साखरपुड्यात तिनेच ती हेमचंद्रच्या बोटात घातली होती.

तिने अंगठी धुऊन बिशपपुढे ठेवली.

"यल्ला मृणाल, चल लवकर, चहा," म्हणत हॉलमधून हेमचंद्रने हात पुढे केला.

त्याच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होतीच.