वाऱ्याचा बाण

चौथ्या फेरीची शिट्टी झाली, अंजू रेषेवर जाऊन उभी राहिली आणि प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे बसलेला तिचा आजोबा उदाराम तिच्या धनुष्याकडे बघू लागला.

गोंदियाच्या मैदानावर तिरंदाजीची निवड चाचणी चालू होती. सहा-सहा बाणांच्या सहा फेऱ्या. बाकी पोरींच्या हातात नवी, चकचकीत कंपाउंड धनुष्यं. अंजूचं तीस वर्षांपूर्वीचं. तारा लोखंडी, टोकांना दोन गोल चाकं, आणि वरखाली लाकडाच्या पिवळट पात्या. तिच्या चंद्रशेखर सरांनी ते नागपूरच्या एका म्हाताऱ्या खेळाडूच्या माळ्यावरून उतरवून आणलं होतं. सकाळी पोरी त्याला खुशाल हसल्या. तीन फेऱ्या झाल्यावर त्यांचं हसणं आपोआप बंद पडलं, कारण अंजू दुसऱ्या नंबरावर होती आणि राज्याच्या संघात दोघीच जायच्या होत्या.

दुसरा कुणी आजोबा असता तर गावभर सांगत सुटला असता. उदाराम मात्र कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. सकाळी त्यानं काय करून ठेवलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

सौंदडला घरी अंजू आरशापुढे वेणी घालत होती आणि धनुष्य खाटेवर पडलं होतं. उदारामची अर्धी हयात मचाणावर गेलेली. धानात रानडुक्कर शिरलं की तो बांबूच्या धनुष्यानं त्याला पळवायचा. पण पहिला बाण वाऱ्याचा, हे बापानं शिकवलेलं. म्हणजे बाण लावायचाच नाही. तार नुसती ओढायची आणि सोडून द्यायची, जे वाईट असेल ते वारा घेऊन जातो. नातीच्या एवढ्या मोठ्या दिवशी हे राहून कसं चालेल? त्यानं तार ओढली. चाकं फिरली, तार एकदम हलकी झाली आणि त्यानं ती सोडली. धनुष्य कट्‌ करून वाजलं, वाळकं हाड मोडावं तसं. खालच्या पातीवर केसाएवढी चीर आली होती. बांबूला अशा छप्पन चिरा पडतात, असं मनाला समजावून त्यानं धनुष्य पिशवीत घातलं आणि नातीबरोबर गाडी धरली.

मैदानावर पहिली फेरी झाल्यावर चंद्रशेखर सर चहा पिता पिता कुणाच्या तरी बापाला समजावत होते. धनुष्य कधीही रिकामं सोडायचं नाही. बाणात जायचा जोर मग पातीत जातो. आज नाही तर उद्या पाती फुटते, आणि फुटते ती ओढणाऱ्याच्या तोंडावर. त्यांच्या एका पोराचा असाच डोळा गेला होता. सर हे सहज बोलून गेले आणि दुसरा चहा मागवला.

तेव्हापासून उदारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सांगावं, तर सर अंजूला तिथंच थांबवणार. दुसरं धनुष्य नाही, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसत नाही. न सांगावं, तर प्रत्येक बाणाला ती तार तिच्या गालाला लागत होती.

चौथ्या फेरीचे सहाही बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात गेले. टाळ्या पडल्या. अंजू एकटीच बाकावर येऊन बसली तेव्हा उदारामला राहवलं नाही. तो दोरीखालून वाकून तिच्याजवळ गेला.

"अंजू, ते धनुष्य ठेव वं खाली. फुटलं हाय ते."

तिनं मान वर केली नाही. खालच्या पातीला ती काळी चिकटपट्टी गुंडाळत होती. पट्टीच्या वर अजून चीर दिसत होती. सकाळी केसाएवढी होती, आता बोटभर.

"मले माहीत हाय, आबाजी. दुसऱ्या फेरीतच दिसली."

"माह्या हातून झालं ते. सकारी मी वाऱ्याचा बान सोडला."

तिची बोटं थांबली. तिनं शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पट्टीचा राहिलेला तुकडा दातानं तोडला.

"बाराच बान राह्यले. सरायले सांगू नोका."

"डोरा जाईन तुहा."

"तुमी तिकडं जाऊन उभे राहा," ती म्हणाली. "इथं नोका राहू. फुटली त तुमालेबी लागन."

पाचव्या फेरीची शिट्टी झाली. ती उठून गेली.

उदाराम तिथून निघाला तो सरळ सरांच्या दिशेनं. या वेळी त्याचं पक्कं ठरलं होतं. संघ गेला चुलीत, पोरगी धडधाकट राहिली पाहिजे. वीस पावलं होती, ती त्यानं जवळजवळ पळत कापली. सर हातातल्या गुणांच्या कागदावरून बोट फिरवत होते. त्यांचा चेहरा खुलला होता.

"काका, पोरगी त कमाल करून राहिली," ते म्हणाले. "एक नंबरवर आली. इतक्या वर्षांत आपल्या गोंदियातून हे पहिल्यांदा होऊन राहिलं. काय म्हणत होती ती? काही पाहिजे का तिले?"

उदारामनं तोंड उघडलं.

"काई नाई," तो म्हणाला. "पानी पाहिजे होतं."

सर हसून बाटली आणायला वळले. तिकडे रेषेवर अंजूनं तार ओढून गालाला टेकवली होती.